हकुना मटाटा आणि खडूचे गोल

६ मार्च

चि. बिनघोर,

आशीर्वाद. रागात आहे, पण आशीर्वाद द्यायची सवय सुटत नाही.

फोनवर काही लिहिलं की तू नाचणाऱ्या प्राण्याचं चित्र पाठवतोस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागदाला कागदानेच उत्तर द्यायचं. चार ओळी तरी.

बाबांना बोलता यायला लागलं. झटका आल्याला आता आठ आठवडे झाले. तू आठ दिवस राहून गेलास तेव्हा त्यांच्या घशातून नुसता आवाज निघायचा, आठवत असेल. मंगळवारी सकाळी मी त्यांना दाढीचा साबण लावत होते, आणि ते एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "हकुना मटाटा."

ब्रश माझ्या हातातून पडला. मला वाटलं मलाच काहीतरी झालं. मी म्हटलं, "काय म्हणालात बाबा?" तर परत तेच. तेव्हापासून आजपर्यंत दुसरा शब्द नाही. चहा गार आहे का? हकुना मटाटा. कूस बदलू का? हकुना मटाटा. डॉक्टरांनी विचारलं, "काका, नाव काय तुमचं?" यांनी मान ताठ करून तेच सांगितलं. डॉक्टर खो खो हसले. मला त्यांच्या नळीनेच त्यांचा गळा आवळावासा वाटला.

बोलायला शिकवायला एक बाई येतात. मी त्यांना वाचाबाई म्हणते. त्या म्हणाल्या, मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावला की कधीकधी एखादंच वाक्य शाबूत उरतं. कुणाची शिवी उरते, कुणाचं देवाचं नाव उरतं. माणसाला म्हणायचं असतं वेगळंच, बाहेर पडतं ते तेवढंच. त्यांना सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही.

बत्तीस वर्षं बॉयलर इन्स्पेक्टर राहिलेल्या माणसाकडे उरून उरून काय उरलं, तर हे! तू नववीत असताना तो कार्टून सिनेमा पाहून आलास आणि दोन विषयांत नापास झाल्याचं प्रगतिपुस्तक याच दोन शब्दांसकट बाबांच्या हातात दिलंस. छातीवर तेच छापलेला तो पिवळा टी-शर्ट. बाबांनी त्या दिवशी काय सांगितलं होतं? "या घरात कटकटी आहेत, आणि कटकटी शोधण्याचाच मला पगार मिळतो. हे वाक्य इथे चालणार नाही." तुझं नाव बिनघोर पडलं ते तेव्हापासून.

घरात आणलंस तू, निस्तरते आहे मी. दिवसा बाबांजवळ शेजारीण बसते आणि मी चष्म्याच्या दुकानात लोकांना विचारते, "आता स्पष्ट की मघाशी स्पष्ट?" परकी माणसं नीट उत्तरं देतात. घरी आले की माझा बाप मला उत्तर देऊ शकत नाही. जीव मेटाकुटीला आला आहे.

ताई


१९ मार्च

प्रिय ताई,

पत्र वाचून मी इतका हसलो की इथल्या कंटेनर यार्डातले लोक बघायला लागले. रागावू नकोस. पण बाबा आणि हकुना मटाटा! जन्मभर ज्यांनी प्रत्येक गोष्टीत खोट काढली, ते आता सकाळ-संध्याकाळ म्हणताहेत की काही अडचण नाही. अर्थ शोधला मी. हकुना म्हणजे नाही, मटाटा म्हणजे अडचणी, कटकटी. स्वाहिली भाषा आहे. सिनेमावाल्यांनी उचलली आणि जगभर मगवर, टोपीवर, गाडीच्या काचेवर गेली.

मला तर बरं वाटलं. रविवारी फोनवर विचारलं, "बाबा, बरे आहात ना?" किती स्वच्छ आवाजात म्हणाले! मला वाटतं आतून कुठेतरी ते मोकळे झाले असतील. तू फार ताण घेतेस. दमतेस हे दिसतंय. काहीतरी सोय बघायला हवी, मी बघतो.

(चार ओळींपेक्षा जास्त झालं. नोंद घ्यावी.)

धाकटा


२ एप्रिल

बिनघोर,

मोकळे झाले म्हणे.

गेल्या शुक्रवारी त्यांचा उजवा पाय शेकायला गरम पाण्याची बादली ठेवली. मी विचारलं, "फार गरम नाही ना?" हकुना मटाटा म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले. परत येऊन पाहते तर घोट्यापर्यंत पाऊल लाल, आणि दुसऱ्या दिवशी फोड. त्या पायाला नीट जाणीवच नाही, आणि मी हात घालून पाहिलं नाही. वाफेने माणसं भाजू नयेत म्हणून ज्याने आयुष्य घालवलं, त्याला मी घरात, प्लॅस्टिकच्या बादलीत भाजलं.

मी विश्वास ठेवला, कारण मला कामावर जायची घाई होती आणि ते उत्तर सोयीचं होतं. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही. पट्टी बांधायला आलेल्या नर्सलासुद्धा मी सांगितलं की त्यांनीच पाय घातला.

आणि मान हलवण्यावरही जाऊ नकोस. वाचाबाईंनी बजावलं आहे. सध्या ते हो म्हणायला मान हलवतात आणि नाही म्हणायलाही तशीच हलवतात. मी तर हात टेकले.

ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

वाचून वाईट वाटलं. म्हणूनच आता जास्त न बोलता काम केलं आहे, शाबासकी दे.

तुझ्या दुकानापासून बसने पाऊण तासावर एक शुश्रूषा केंद्र आहे. खाली बाग, प्रत्येक मजल्यावर नर्स, चाकाची खुर्ची न्हाणीघरापर्यंत जाते. तिथे मी बाबांसाठी जागा धरली. १ जूनपासून. आणि तुला न विचारता केलं म्हणून ओरडायच्या आधी ऐक: मी बाबांना विचारलं. रविवारी व्हिडिओ फोनवर सगळं सविस्तर सांगितलं, चित्रं दाखवली (तीच या पत्रासोबत आहेत), आणि तीनदा विचारलं, "बाबा, जाल ना?" तिन्ही वेळा म्हणाले. हसूनच म्हणाले.

बाबांचा होकार आहे, ताई. आता तू डोक्याला हात लावून बसू नकोस.

धाकटा


२४ एप्रिल

बिनघोर महाराज,

होकार! तू त्यांना विचारलं असतंस की तुम्हाला गच्चीवरून खाली टाकू का, तरी तुला होकारच मिळाला असता! ज्या माणसाकडे एकच वाक्य आहे त्याला प्रश्न विचारायचा, आणि त्या वाक्याला होकार म्हणून शिक्का मारायचा? तुझ्या यार्डात रिकामा कंटेनर न उघडता भरलेला म्हणून लिहून घेतात का रे?

आता माझं ऐक. पाय भाजल्यापासून मी शब्द ऐकणं सोडून दिलं आहे. बाबा बॉयलरच्या पोटात शिरून काय करायचे? हातोडीने टकटक वाजवायचे आणि कान लावायचे. लोखंड सगळीकडे एकच बोलतं. धड असेल तिथे खणखणीत बोलतं, आत चीर असेल तिथे बद्द. मी तेच करते आहे. त्यांच्या त्या दोन शब्दांत भूक असली की शेवट लांबतो. लघवीला जायचं असलं की पहिला शब्द दोनदा येतो. राग आला की मधे दम घेतात, आणि तो राग बहुतेक वेळा माझ्या कणीक मळण्यावर असतो. दुखत असलं की आवाज बद्द येतो.

तू फोन केलास त्या रविवारी मी दारातच उभी होते, तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्यांचं येत होतं. तुझ्याशी बोलताना आवाज खणखणीत होता हे खरं. फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड करून पुन्हा एकदा तेच म्हटलं, आणि ते पार बद्द होतं. म्हणजे नाही. त्यांना घरातून जायचं नाही. केंद्राला कळव आणि जागा सोड.

ताई


८ मे

ताई,

जागा सोडलेली नाही. आधी वाच, मग काय ते बोल.

तुझं पत्र माझ्या पाळीतल्या क्रेनवाल्याला इंग्रजीत करून सांगितलं. त्याची मातृभाषा स्वाहिली. मला वाटलं तो तरी हसेल. तो म्हणाला, "आमच्या घरात आपसात आम्ही असं फारसं म्हणत नाही. टी-शर्टवर असतं. हॉटेलात म्हणतात. पाहुण्याची बॅग हरवली, नळाला पाणी नाही, की पाहुण्याला हसून सांगायचं, हकुना मटाटा. कटकट आपली असते ना. पाहुण्याला कशाला त्रास?"

ताई, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. मला रविवारी खणखणीत आवाज येतो, तुला भिंतीकडे तोंड केल्यावरचा येतो. बाबांनी मला पाहुणा करून टाकलं आहे. आणि त्यांची चूक नाही. मी आठ दिवस आलो, पेढीवरच्या गिऱ्हाइकासारखा खुर्चीत बसलो आणि गेलो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी पहिल्यांदा परदेशी निघालो तेव्हा विमानतळावर घाबरून दर दोन मिनिटांनी पासपोर्ट चाचपत होतो. तू तिकिटाच्या रांगेत होतीस. बाबांनी माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि इकडेतिकडे बघत, चोरून सांगावं तसं म्हणाले, "हकुना मटाटा." त्यांनी बंदी घातलेलं वाक्य त्यांनीच. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी हसून टाळलं. घाबरलेल्या माणसाला काय सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी माझंच वाक्य पाठ करून आणलं होतं.

आता तुझ्याबद्दल. तू म्हणतेस बद्द म्हणजे नाही. कशावरून? त्यांनी मन मारून हो म्हटलं असेल तरी आवाज बद्दच येणार. मी मला हवं ते ऐकलं, तू तुला हवं ते ऐकते आहेस. आवाजावरून चीर आहे एवढं कळतं. कुठे आहे ते बाबा तोंडाने कधीच सांगायचे नाहीत. मी लहानपणी त्यांची विजेरी धरायला एका मोठ्या धोबीखान्याच्या बॉयलरपाशी गेलो होतो. ते आत एक शब्द बोलले नाहीत. संशयाच्या जागेवर खडूने गोल काढायचे, बस. गोल काढला की बॉयलर बंद. आणि दुरुस्ती झाल्यावर तो गोल दुसऱ्या कुणी पुसायचा नाही. ते स्वतः येऊन, पुन्हा वाजवून, स्वतःच्या हाताने पुसायचे.

त्यांच्या डाव्या हातात खडू देऊन बघ.

धाकटा


२० मे

धाकट्या,

खडू दिला. कुठून दुर्बुद्धी सुचली तुला आणि मला!

पहिल्या दिवशी न्हाणीघराचा नळ, तो गळतो. खाटेचा पाय, तो डुगडुगतो. गॅसची नळी, तिची मुदत संपून वर्ष झालं. हे सगळं मला मान्य. पण दुसऱ्या दिवशी वाचाबाईंची पिशवी, शेजारणीच्या सुनेची चप्पल, डॉक्टरांचं पोट. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. चाकाच्या खुर्चीतून सगळं घर फिरून त्यांनी सत्तावीस गोल काढले. दर गोलाला वर माझ्याकडे बघून हकुना मटाटा. मी ओलं फडकं घेऊन मागून फिरत होते, पण पुसायला गेले की हातावर चापट मारायचे. तू सांगितलंस ते खरं, पुसण्याचा अधिकार तपासनीसाचा.

काल दुकानातून आले. आता विचारायचंच असं ठरवलं होतं. केंद्राची चित्रं टेबलावर मांडली, शेजारी आपल्या घराचा फोटो. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, "बाबा, मला नीट सांगा. बिघाड कुठे आहे? इथे की तिथे?"

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. मग खडू उचलला, आणि माझ्या दुकानाच्या निळ्या कोटावर, डाव्या खांद्याच्या खाली, हळूहळू एक गोल काढला. डाव्या हाताने काढायचा, म्हणून तो पुरा करायला त्यांना वेळ लागला. मी हलले नाही. गोल पुरा झाल्यावर त्यांनी बोटाच्या पेराने त्या जागी दोनदा वाजवलं आणि कान पुढे केला.

मी रडले रे. आई गेली तेव्हा रडले नव्हते तशी रडले. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड दाबून, कारण शेजारी ऐकतील. ते माझ्या केसांत हात फिरवत तेच दोन शब्द म्हणत राहिले.

तेव्हा तुझं बरोबर होतं. तो होकारच होता. त्यांना जायचं नाही, पण मी मोडत चालले आहे म्हणून ते जायला तयार आहेत. आणि माझंही बरोबर होतं, म्हणून मला तुझा जास्तच राग आला आहे. १ जूनला बारा दिवस उरले. काय करायचं ते मला सुचत नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मी तुला विचारते आहे.

कोट खुंटीला लावून ठेवला आहे. आज दुसरा घालून गेले.

ताई


२६ मे, तातडीचं

ताई,

गोल काढला की बॉयलर बंद. थंड होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नियम बाबांचा आहे, वाद घालू नकोस.

मी ३१ तारखेला सकाळी पोचतो. तीन महिन्यांची रजा मिळाली आहे, अर्धी साहेबांशी भांडून. केंद्राला कळवलं की जागेचं सप्टेंबरात बघू, तेव्हा तिघं मिळून ठरवू. तू तुझ्या त्या मैत्रिणीकडे जा, जिच्या घरी तू पाच वर्षांपासून जाणार आहेस. बॅग भर. बाबांचं वेळापत्रक लिहून ठेव, पण चार पानांच्या आत.

धाकटा


१८ जून

ताई,

तुझं वेळापत्रक एकवीस पानांचं आहे. त्यातलं एकही पान बाबा पाळत नाहीत.

मला काही सुधरत नाही. शेवट लांबला म्हणजे भूक असं तू लिहिलंस, मी जेवण आणलं, त्यांनी ताट सरकवलं. त्यांना खिडकी उघडून हवी होती! पहिला शब्द दोनदा आला, मी धावत भांडं आणलं, त्यांना पेपर हवा होता. माझ्या फोनवर गोल, माझ्या बुटांवर गोल, मी केलेल्या भातावर तर खडू मोडेपर्यंत गोल. काल वाचाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा शांत व्हा, त्यांच्याकडे बघा कसे मजेत आहेत." मी काय उत्तर दिलं असेल ते तू ओळखलं असशील. घरात हे दोन शब्द ज्याने आणले त्याला गाठून चार थपडा माराव्यात असं मला रोज वाटतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

पहिले बारा दिवस माझ्याशी ते खणखणीतच बोलत होते. पाय चोळताना विचारलं, दुखतं का? खणखणीत, हसून. रात्री झोप लागली का? खणखणीत. मी तोंडघशी पडत होतो आणि ते पाहुण्याची समजूत घालत होते. सोमवारी सकाळी मी त्यांना न्हाणीघरातून उचलून आणत होतो. माझा तोल गेला, त्यांचा भाजलेला पाय दाराला घासला. मी घाबरून विचारलं, "बाबा, लागलं?"

आणि ताई, ते म्हणाले, आणि बद्द म्हणाले. असं बद्द की मला ते पोटात ऐकू आलं. वर माझ्या दंडावर फटका मारला आणि परत तेच, मधे दम घेऊन, म्हणजे राग. मग दिवसभर ते माझ्यावर करवादत होते. पायाबद्दल, उशीबद्दल, पडद्याबद्दल. आईच्या फोटोकडे बोट दाखवूनसुद्धा एकदा. मी खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिलो. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी आता पाहुणा नाही.

संध्याकाळी वाटलं, घर जरा आवरावं. तुझा निळा कोट खुंटीवर होता, खडूचा गोल तसाच. म्हटलं, धुवायला टाकतो. मी हात लावला मात्र, बाबा खोलीच्या त्या टोकावरून असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे वर आले. अर्थ लावायला मला या वेळी काही त्रास पडला नाही. दुरुस्ती चालू आहे. तू आल्यावर ते आधी स्वतः वाजवून बघणार, आणि मग स्वतःच्या हाताने पुसणार.

तेव्हा घाईने येऊ नकोस, अर्धवट दुरुस्त होऊन तर मुळीच नको. माणूस फार कडक आहे, नापास करायला मागेपुढे बघत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. पोटभर झोप. कोट खुंटीवरच आहे.

तुझा भाऊ